कपाशीची बाटली आणि पंगतीची वांगी

ज्या वर्षी आमच्या विहिरीत माणसं उतरली आणि त्यांनी तळ खराट्यानं झाडून घागरभर गढूळ पाणी वर दिलं, त्या वर्षी घरात किड्यांचा सुळसुळाट झाला. लोकांना वाटतं दुष्काळात सगळंच मरतं. पीक मरतं, जनावर मरतं. उंदीर, वाळवी, मुंग्या आणि ढेकूण मरत नाहीत. शेतात खायला उरलं नाही की ते ओल आणि सावली शोधत सरळ माणसाच्या घरात येतात. रांजणाच्या बुडाला गारवा असायचा, तिथं लाल मुंग्यांची रांग. दाराच्या चौकटीवर वाळवीचे मातकट बोगदे, सकाळी खरवडले की दोन दिवसांत पुन्हा तयार. ज्वारीच्या पोत्याला कान लावला तर आत किडे कुरतडताना ऐकू यायचे. मला यांच्यातल्या कोणाचीही कधी दया आली नाही.

आमचं गाव वडवणीपासून थोडं आत. घरात सासूबाई, थोरले दीर, थोरली जाऊ आणि मी. माझा नवरा माजलगावच्या बाजूला साखर कारखान्यात कामाला होता. त्या वर्षी ऊसच नव्हता, गाळप लवकर उरकलं, तरी कामगारांना गेटवर हजेरी लावायला बसवून ठेवलं होतं. तो महिन्यातून एकदा यायचा. त्यामुळे घरात शब्द चालायचा तो दिरांचा. ते गावच्या सोसायटीचे संचालक होते आणि सोसायटीचं खत-औषधाचं दुकान त्यांच्याच हाताखाली होतं.

त्या दुकानाची एक रीत होती. युरियाची गोणी मागितली की सोबत कपाशीवर फवारायच्या औषधाची एक बाटली घ्यावीच लागायची. नको म्हटलं तर गोणीही नाही. बाटली घेतल्याशिवाय पावती फाटत नसे. चांगल्या वर्षी ती बाटली शेतात तरी जायची. त्या वर्षी कपाशी दोनदा पेरली आणि दोनदा करपली. फवारायला काही राहिलंच नाही. बाटल्या मात्र घरोघर येऊन बसल्या. कुणाच्या देवळीत, कुणाच्या माळ्यावर, आमच्याकडे तर लोणच्याच्या बरणीशेजारी.

आणि घरात आलेली वस्तू आमच्या बायका वाया घालवत नाहीत. एकीनं ती बाजेच्या भोकांत ढेकणांसाठी ओतली. एकीनं ज्वारीच्या पोत्यावर शिंपडली. एकीनं म्हशीच्या गोचिडांना चोळली. एका शहाणीनं तर लेकीच्या डोक्यातल्या उवांसाठी लावली. ती पोर तीन दिवस दवाखान्यात होती. घरी आल्यावर आई काय म्हणाली? "पर उवा गेल्या बघ." मी तिच्याशी भांडले. ती अजूनही माझ्याशी नीट बोलत नाही. मला चालतं.

मला यातलं कळत होतं ते काही शिक्षणामुळे नाही. बचत गटात एकदा कृषी खात्याचा माणूस आला होता. तासभर बोलला, त्यातला बराच वेळ फोटोसाठी आमच्या रांगा लावण्यात गेला. पण जाता जाता एक कामाची गोष्ट बोलला. बाटलीवर टोकावर उभा एक चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघा. लाल असेल तर ते सगळ्यांत जहाल. मग कोणत्या पिकावर मारायचं ते वाचा आणि मारल्यावर किती दिवस तोडायचं नाही तेही वाचा. घरी येऊन मी लोणच्याच्या बरणीशेजारची बाटली उचलली. खालचा त्रिकोण लाल. पीक कपाशी, दुसरं कुठलंच नाही.

सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "लाल तिकोन? त्ये तर पोरं थांबवायच्या ऑपरेशनवाल्याचं असतंय. भिताडावर काढत न्हाईत का?"

"हे त्याच्या पुढचं ऑपरेशन आहे," मी म्हटलं. बाटली गोठ्यातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. कुलूप मात्र लावलं नाही. ती चूक माझी.

आता वांग्यांबद्दल. घरामागं परसात माझी पंचवीसेक वांग्याची झाडं होती, थोडी मिरची, आणि कुंपणावर एक दोडक्याचा वेल. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. मोरीचं पाणी, भांड्यांचं पाणी, भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं मी चारी काढून या झाडांना नेलं होतं. घरातल्या माणसांनी आंघोळ कुठं करायची हेही मीच ठरवायचे: चारीच्या तोंडाशी, दगडावर. दीर एकदा चारी सोडून बाहेर अंग धुऊन आले तर मी त्यांना ऐकवलं होतं. ती झाडं आम्ही एकदा वापरलेल्या पाण्यावर जगली होती, म्हणून त्यांच्यावर डोळा ठेवून असलेली प्रत्येक अळी माझी वैरी होती.

वांग्याची अळी फार हलकट. आधी शेंड्यात शिरते. सकाळी कोवळा शेंडा मान टाकून लोंबताना दिसला की समजायचं, आत बसली आहे. मग फळात जाते. बारीकसं भोक पाडून आत घुसते आणि भोक आपल्याच घाणीनं बुजवते. बाहेरून वांगं तुकतुकीत, कापलं की आत काळी घाण आणि गुलाबट, लठ्ठ अळी. माझा उपाय सरळ होता. रोज सकाळी सुकलेले शेंडे कापायचे आणि चुलीत घालायचे. भोक पडलेलं वांगं तोडून तेही जाळायचं. आठवड्याला निंबोळीचं पाणी. निंबोळ्या मी उन्हाळ्यात गोळा करून वाळवून ठेवलेल्या, त्या कुटून भिजवायच्या, फडक्यातून गाळायच्या, थोडा साबण घालून केरसुणीनं झाडावर शिंपडायचं. कडू वास यायचा. जावेला तो वास आवडत नसे आणि मीही आवडत नसे.

"निंबोळ्या कुटून कुटून हात काळे करायलीस," ती म्हणायची. "सोसायटीची बाटली एक टोपण टाकली की काम झालं. पर न्हाई. हिला आपली अक्कल दाखवायची हाय."

"बाई, ते खायच्या भाजीला चालत नाही."

"समदं गाव खातंय. गाव मेलंय का?"

तिच्या लेखी ती संचालकाची बायको होती, आणि नवऱ्याच्या दुकानातल्या मालाला धाकट्या जावेनं नावं ठेवणं म्हणजे घरातच विरोधी पॅनल निघण्यासारखं होतं.

पॅनलचंच निमित्त झालं. सोसायटीची निवडणूक आली. गुरुवारी दुपारी आमच्या अंगणात दिरांच्या पॅनलच्या माणसांची पंगत ठरली, चाळीसेक पानं. वडवणीच्या बाजारात त्या दिवसांत भाजी अशी नव्हतीच, होती ती सुकलेली. दीर मंगळवारी परसात येऊन उभे राहिले. आधी कधी आले नव्हते.

"किती निघतील?"

"पंगतीपुरती निघतील," मी म्हटलं. मलाही वाटलं, गावाला कळू दे की कोरड्या वर्षात हिरवं कुणी राखलं. तो माझा गर्व होता, नाकारत नाही.

बुधवारी सकाळी मी बचत गटाच्या कामासाठी वडवणीला गेले. दुपारी गाडीतून उतरून घरी आले तर जाऊ मोरीच्या पायरीवर बसलेली. तोंडातून लाळ गळत होती, कपाळावर घाम, पोलकं भिजलेलं. हात मांडीवर ठेवून, ते परक्याचे असल्यासारखी त्यांच्याकडे बघत होती.

"काय झालं, बाई?"

"काय न्हाई. गरगरायलंय जरा. ऊन लागलंय."

तिच्या पदराला वास होता. तो वास मी ओळखला. परसात गेले. वांग्याच्या पानांवर पांढुरके ओघळ वाळले होते, फळांवरही. कडेला घरची आंघोळीची बादली आणि माझी निंबोळीची केरसुणी. बाटली अर्धी रिकामी.

मी परत आले. "किती टाकलं?"

तिनं पदरानं लाळ पुसली.

"बाई, किती टाकलं ते सांगा, नाहीतर दवाखान्यात काय सांगू?"

"टोपणानं न्हाई मोजलं," ती म्हणाली. मग एकदम रडायला लागली. "काल मी चार वांगी कापून बघितली. तिन्हीत... चारातल्या तिनात अळी. उद्या पॅनलच्या म्होरक्याच्या, दादासाहेबाच्या पानात अळी निघाली तर तोंड कुटं दाखवू मी? तुझं काय जातंय. नाव माझ्या नवऱ्याचं जाईल."

हे तिचं खरं भय होतं. विषाचं तिला भय नव्हतं, पाहुण्याच्या पानात अळी निघण्याचं होतं. आमच्याकडे पंगतीत वाढलेल्या भाजीत अळी निघाली तर तीन पिढ्या आठवण काढतात. ती अळीच्या आधी पोचायला निघाली होती. अनवाणी, उघड्या हातांनी, वारा समोरून घेत.

मी हाताला पिशव्या बांधल्या. तिचे कपडे उतरवून लांब फेकले, साबण लावून दोन घागरी पाणी तिच्यावर ओतलं. सासूबाई दारात उभ्या राहून ओरडत होत्या, "अगं, प्यायचं पाणी हाय त्ये! दोन दिवस काय पिऊ आमी?"

"घाम प्या," मी म्हटलं. आज आठवलं की वाटतं, थोडं जास्त बोलले. पण तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.

शेजारच्याची जीप मिळाली. बाटली मी पिशवीत गुंडाळून बरोबर घेतली. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत उजेड टाकला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. बाटली वाचली आणि लगेच सुई मागवली. म्हणाले, बाटली आणली हे बरं केलं, नाहीतर सगळे उन्हाचंच सांगतात. दोन दिवस ठेवून घेतलं. तिची आई आली तशी मी शेवटच्या गाडीनं परतले, कारण मला ती वांगी दिसत होती.

घरी पोचले तर दिरांनी गावात सांगून टाकलेलं: बायकोला ऊन लागलं. विरोधी पॅनलच्या हाती आयतं कोलीत द्यायचं नव्हतं. सोसायटीचंच औषध, संचालकाचीच बायको.

गुरुवारी सकाळी गल्लीतल्या सहा-सात बायका भाकरी थापायला आल्या. अंगणात तीन चुली पेटल्या. मी सासूबाईंना आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं की वांगी निघणार नाहीत. त्यांनी ते थोरल्या लेकाला सांगितलं नव्हतं, किंवा सांगूनही त्यानं ऐकलं नव्हतं. दीर पांढरे कपडे घालून आले आणि म्हणाले, "वांगी तोडली का न्हाई अजून? माणसं यायला लागतील."

"दादा, ती खायची नाहीत. त्यावर कपाशीचं औषध आहे."

"मग धू की."

"धुऊन जात नाही. बाटलीवर लिहिलंय. ते भाजीचं औषधच नाही."

"बाटलीवर लई काय काय लिहितेत." आवाज खाली आला, पण चुलीजवळच्या बायकांना ऐकू जाईल इतकाच खाली. "तुला काय गावभर बोंब मारायची हाय का, माझ्या दुकानात इख मिळतंय म्हणून? कुणी शिकवलंय तुला? कुण्या पॅनलनं?"

"तुमच्या बायकोला विचारा कुणी शिकवलं. सुई टोचून पडलीय."

"तिला ऊन लागलंय."

सासूबाई मध्ये पडल्या. "मिठाच्या पाण्यात टाक ना गं घडीभर. शिजल्यावर काय ऱ्हातंय त्यात? आगीम्होरं काय टिकतंय?"

एका बाईनं परातीतून मान वर करून म्हटलं, "आमी तर हेच मारतो भेंडीला." दुसरीनं तिला कोपर मारलं.

मी आणखी वाद घातला असता तर हरले असते. घर त्यांचं, पंगत त्यांची, आणि मला त्या घरात जन्म काढायचा होता. चाळीस माणसं भाकरीबरोबर तो रस्सा ओरपणार होती, त्यात दोघं-तिघं म्हातारे, काहींच्या मांडीवर पोरं. मी परसात गेले. एक मोठं, चांगलं वांगं तोडलं, वरच्या ओघळांसकट. आत आणून सगळ्यांसमोर काप केले, तव्यावर तेल टाकलं, मीठ-तिखट लावून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजले. वास चांगला सुटला. कापांची ताटली आणि एक भाकरी दिरांसमोर ठेवली.

"दादा, आधी तुम्ही खा. तुम्ही खाल्लं की बाकीची मी तोडते, चिरते आणि रस्सा करते. एक शब्द बोलणार नाही."

भाकरीचे थापे थांबले.

मी त्यांच्या हाताच्या अंतरावर उभी होते. त्यांनी घास उचलला असता तर मी ताटली हिसकावून घेतली असती, असं मला सांगायला आवडेल. बहुधा घेतली असती. पण मला खात्री होती की तशी वेळ येणार नाही, कारण दीर दुकानातली बाटली कशी धरतात ते मी पाहिलं होतं. गिऱ्हाइकाला देताना ते तिला कागदात गुंडाळत आणि मग हात धुवायला उठत.

त्यांनी ताटलीकडे पाहिलं. बायकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आज गुरुवार हाय. मला उपास हाय."

सकाळी त्यांनी दोन अंडी खाल्ली होती. ती मीच करून दिली होती.

कुणी हसलं नाही. कोपर मारणारी बाई तेवढी परातीत तोंड घालून खोकली.

"बरं," मी म्हटलं, "मग आई, तुम्ही खा."

"आई खात न्हाई काप!" दीर एकदम ओरडले. ओरडल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की आपण काय बोललो. ताटली त्यांनी पायानं बाजूला सारली. "पिठलं करा. कांदा घाला, ठेचा करा. पंगत काय वांग्यावाचून अडत न्हाई." आणि उंबऱ्याबाहेर निघून गेले.

पिठलं केलं. चाळीस माणसं जेवली. पिठलं पातळ होतं, कारण बेसन कमी पडलं, आणि एक जण पानावरून उठताना म्हणाला की संचालकाच्या घरच्या वांग्यांची बढाई ऐकली होती, खायला मिळाली नाहीत. पॅनल तरीही निवडून आलं.

माणसं जेवत असतानाच मी परसात होते. सगळी वांगी तोडली, बोराएवढीसुद्धा. कोपऱ्यात कुदळीनं खड्डा घेतला. जमीन दगडासारखी होती, हाताला फोड आले. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "दोन दे की गं. मी सोलून, धुऊन करते. लेकरांनी भाजी खाऊन महिना झालाय."

"नाही."

"मातीत घालतीस पर मानसाला देत न्हाईस."

"नाही म्हटलं ना."

"तुझं वाटोळं व्हईल बघ."

हे मी ऐकून घेतलं. तिच्या जागी मी असते तर मीही असंच म्हटलं असतं. तिची शेळी एव्हाना कुंपणात तोंड खुपसून होती, मी शेळीच्या नाकावर कुदळीचा दांडा मारला. खड्ड्यात टाकण्याआधी मी प्रत्येक वांगं कुदळीनं ठेचत होते, कुणी रात्रीतून उकरून नेऊ नये म्हणून. ठेचताना आतल्या अळ्या दिसल्या. गुलाबट, लठ्ठ, वळवळणाऱ्या. जिवंत. फळाच्या आत बसलेल्या अळीला बाहेरचं औषध लागत नाही, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. बाई दवाखान्यात पडली होती, चाळीस माणसं थोडक्यात वाचली होती, आणि जिच्यासाठी हे सगळं केलं ती अळी मजेत होती. मी त्या एकेक करून चिरडल्या. त्यात बराच वेळ गेला आणि मला बरं वाटलं.

आंघोळीची बादलीही मी भोक पाडून त्याच खड्ड्यात घातली. सासूबाईंना बादलीचं दुःख वांग्यांपेक्षा जास्त झालं. दोन वर्षं त्या पाहुण्यांना सांगत होत्या, "चांगली हिरवी बादली व्हती, पुरली हिनं."

जाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी आली. चेहरा उतरलेला, हाताला पट्टी. बाजेवर बसता बसता तिनं पहिला प्रश्न विचारला.

"वांगी?"

"पुरली."

"समदी?"

"सगळी."

तिनं हातावरची पट्टी नीट केली. मग म्हणाली, "अळ्या तरी मेल्या का?"

"औषधानं एकही नाही मेली."

"खोटं बोलायलीस."

"खड्डा उकरून दाखवू?"

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. पण संध्याकाळी गोठ्यात गेले तर, जिथं मी ती अर्धी बाटली परत ठेवली होती, त्या पत्र्याच्या पेटीला कुलूप होतं. आमच्या पेटीचं नव्हे, तिच्या माहेरच्या ट्रंकेचं. किल्ली तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात होती. ती मला तिनं कधी दिली नाही, मी कधी मागितली नाही, आणि आमच्यात प्रेम वाढलं असंही काही झालं नाही.

झाडं मी उपटली नाहीत. महिनाभर येईल ते फूल खुडून टाकत होते, आणि पाणी देतच होते, ज्यावरून रोज भांडण व्हायचं. फूल खुडायचं तर पाणी कशाला, या सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर होतं, औषध उतरेपर्यंत झाड जगायला हवं, पण मी ते दिलं नाही. पुढे वांगी आली, ती आम्ही खाल्ली. अळी निघाली तर तेवढा भाग कापून टाकायचा, उरलेलं शिजवायचं. जावेनंही खाल्ली.

दीर मात्र त्या गुरुवारनंतर माझ्या हातचं काही खात नाहीत. पोह्याची बशीसुद्धा त्यांना सासूबाईंनीच करून द्यावी लागते. लोकांना वाटतं मला याचं वाईट वाटत असेल. मला एका माणसाच्या भाकरी कमी थापाव्या लागतात, एवढंच.